नऊ कोटींचा प्रस्ताव, सात कोटींचा सौदा: बडोद्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची विक्री

वितरण ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कारखान्यांना चाचणी अहवालाचे सॉफ्टवेअर पुरवणारी बडोद्यातली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी २०२४च्या अखेरीस विकली गेली. घेणारी कंपनी पुण्याची, कितीतरी मोठी. विकणाऱ्यांच्या बाजूने हिशोब आणि कागद बघायला मी होतो. नावे देत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. एकमेकांशी असलेले त्यांचे प्रमाण मात्र तेच ठेवले आहे, कारण सगळे प्रकरण त्या प्रमाणातच आहे.

कंपनी सात कोटींना गेली. पहिला प्रस्ताव नऊ कोटींचा होता आणि तो संस्थापिकेने स्वतः नाकारला. गावात याची चर्चा झाली ती अर्थातच 'दोन कोटी सोडले' अशी. खरा हिशोब वेगळा आहे, आणि तो समजायला आधी माल काय होता ते बघावे लागते.

धंदा

संस्थापिका दांडिया बाजारातली. घरात मराठी, जिना उतरला की गुजराती, हे इथल्या आमच्या सगळ्यांसारखेच. शिक्षण कलाभवनातले. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेली ती संस्था आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा आहे, पण जुनी माणसे अजून कलाभवनच म्हणतात. नंतर काही वर्षे पुण्यात वाहन उद्योगासाठी सॉफ्टवेअर लिहिण्याची नोकरी, मग परत बडोदे. धंद्याची कल्पना कुठून आली असे विचारले की हल्ली लोक बाजारपेठेचा अभ्यास वगैरे सांगतात. हिच्या बाबतीत अडचण रोज रात्री घरी जेवायला यायची: वडील एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात टेस्टिंगचे इनचार्ज होते.

ट्रान्सफॉर्मर आणि त्याचे सुटे भाग बनवणारे कारखाने बडोद्यात दाटीने आहेत. विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी एर्डा ही संस्था १९७४ पासूनची, तीही इथल्याच मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. सरकारी वीज कंपन्यांचा कारभार रेसकोर्सवरच्या सरदार पटेल विद्युत भवनातून चालतो. म्हणजे माल बनवणारा, तपासणारा आणि घेणारा असे तिघेही एकाच गावात.

वितरण ट्रान्सफॉर्मरला आयएस ११८० हे भारतीय मानक लागते. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगाच्या रूटीन चाचण्या होतात. वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा, रेझिस्टन्स, रेशो, नो-लोड लॉस, लोड लॉस वगैरे. लॉस म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्येच वाया जाणारी वीज. ५० आणि १०० टक्के लोडला एकूण लॉस किती चालेल याची कमाल मर्यादा मानकात दिलेली आहे. मेख अशी की चाचणी होते त्या दिवशी शेडमध्ये असेल त्या तापमानाला, आणि लॉस सांगायचा असतो ७५ अंश सेल्सिअसचा. त्यामुळे प्रत्येक रीडिंग ७५ अंशावर न्यावे लागते. त्या सूत्रात तांब्याच्या वाइंडिंगला २३५ हा आकडा येतो, ॲल्युमिनियमला २२५. ३२ अंशाला घेतलेला रेझिस्टन्स तांब्यासाठी १.१६१ ने गुणायचा, ॲल्युमिनियमसाठी १.१६७ ने. फरक अर्ध्या टक्क्याचा. पण डिझाइन मर्यादेला घासून केलेले असेल, आणि धातूचे भाव बघता ते तसेच केलेले असते, तर त्या अर्ध्या टक्क्यात अख्खा लॉट अडकू शकतो. लोड लॉसमध्ये तर एक भाग तापमानाबरोबर वाढतो आणि दुसरा घटतो, म्हणून दोन्ही आधी सुटे करावे लागतात.

वडील हे सारे रजिस्टरात लिहीत, कॅल्क्युलेटरवर दुरुस्ती करीत आणि वीज कंपनीचा निरीक्षक यायच्या आदल्या रात्री एकेका नगाचे शीट टाइप करायला बसत. मुलीने केलेले सॉफ्टवेअर टेस्ट बेंचवरच्या मीटरमधून रीडिंग थेट उचलायचे, तापमानाची दुरुस्ती करायचे आणि ज्या वीज कंपनीला ज्या नमुन्यात अहवाल हवा त्या नमुन्यात छापून द्यायचे. बस, एवढाच माल. वर्षाची फी घ्यायची, मीटर बदलला की जाऊन जोडून द्यायचा.

विक्रीच्या वेळी साधारण सत्तर कारखाने ग्राहक होते आणि वर्षाची विक्री दोन कोटी चाळीस लाख. मालकी अशी: संस्थापिका ५५ टक्के, कारखान्यांत फिरून विक्री करणारा तिचा वर्गमित्र भागीदार ३० टक्के, सुरुवातीला २० लाख घालणारे मकरपुऱ्यातले एक कारखानदार (त्यांना सगळे शेठ म्हणत) १० टक्के, आणि चार जुन्या कर्मचाऱ्यांसाठी शेअर पर्यायांचे (ठरल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्काचे) राखीव ५ टक्के.

प्रस्ताव

पुण्याच्या कंपनीचे पहिले पत्र नऊ कोटींचे. त्यातले पाच कोटी सह्यांच्या दिवशी, चार कोटी पुढच्या दोन वर्षांत दोन सारख्या हप्त्यांत, आणि तेही दर वर्षी विक्री ३५ टक्क्यांनी वाढली तरच. अशा हप्त्याला या धंद्यात अर्नआउट म्हणतात. बारीक अक्षरात आणखी दोन गोष्टी होत्या. हे चार कोटी फक्त दोन्ही संस्थापकांना, म्हणजे तिला आणि भागीदाराला मिळणार, आणि तेही तोवर ते नोकरीत टिकले तर.

संस्थापिकेने उलट विचारले की सगळे पैसे आत्ताच द्यायचे तर किती? उत्तर आले सात कोटी. त्यातले १० टक्के, म्हणजे ७० लाख, एक वर्ष एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थ बँकेच्या खात्यात. जुनी काही देणी निघाली तर त्यातून कापायची.

दोन्हींपैकी एक निवडायच्या आधीच साठ दिवसांच्या एक्सक्लुझिव्हिटीवर सही झाली होती. या मुदतीत दुसऱ्या कोणाशी बोलायचे नाही. याच काळात घेणाऱ्याचे वकील आणि लेखापाल कंपनीचे सगळे कागद तपासतात. मुदतीचा दबाव विकणाऱ्यावर असतो, घेणाऱ्यावर नसतो. हे आधी कळूनही फारसा उपयोग होत नाही.

कोड कोणाचा

कागद तपासताना तिसऱ्याच आठवड्यात प्रश्न आला: मीटरमधून रीडिंग उचलणारा आणि ७५ अंशाची दुरुस्ती करणारा भाग कोणी लिहिला? कोडच्या इतिहासात पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी एकाच माणसाच्या होत्या, आणि तो कंपनीच्या पगारपत्रकावर कधीच नव्हता.

तो कॉलेजचा मित्र. त्या वेळी दुसऱ्या शहरात एका मोठ्या आयटी कंपनीत नोकरीला. रात्री आणि शनिवार-रविवार हे काम करायचा. त्याला महिन्याला पंधरा हजार खात्यात जात. करार नाही, पत्र नाही, बँकेच्या नोंदीत नुसते त्याचे नाव.

इथे कायदा बहुतेकांच्या समजुतीच्या उलटा आहे. पैसे मी दिले म्हणजे वस्तू माझी, असे आपण धरून चालतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक लिहिणारा असतो. नोकराने नोकरीच्या कामात लिहिले तर मालकी मालकाची. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन प्रोग्रॅम लिहून घेतला तर तो लेखी हस्तांतर करीपर्यंत मालकी त्याचीच. कंपनीला तो वापरण्याची मूक परवानगी होती, असे न्यायालयात म्हणता आले असते. पण सात कोटी देणाऱ्याला वापरायची परवानगी नको असते, त्याला मालकी हवी असते.

आणि हस्तांतराचा कागदही जपून करावा लागतो. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरते धरले जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो परत जाऊ शकतो, उलट अट लिहिलेली नसेल तर. इंटरनेटवरून उचललेल्या एका पानाच्या नमुन्यात या तिन्ही गोष्टी राहून गेलेल्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत.

मित्राला फोन गेला. त्याला विक्रीची कुणकुण आधीच होती.

"अगं, कागद देतो ना. पण तेव्हा तू काय म्हणाली होतीस? कंपनी मोठी झाली की बघू. झाली ना आता मोठी?"

त्याने विक्रीच्या पाच टक्के मागितले, म्हणजे ३५ लाख. भागीदार भडकला, ही अडवणूक आहे म्हणाला. मला तसे वाटले नाही आणि अजूनही वाटत नाही. 'बघू' हा शब्द आपणच दिलेला असतो आणि तो ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो.

तरी रकमेला काही आधार हवा. आम्ही तो असा काढला: हा भाग नव्याने लिहायचा झाला तर दोन माणसे चार महिने, म्हणजे आठ-एक लाख. सूत्रावर कोणाची मालकी नसते, कॉपीराइट असतो तो लिहिलेल्या कोडचा, तेव्हा नव्याने लिहायला कोणाची हरकत नव्हती. पण चार महिने म्हणजे साठ दिवसांची मुदत गेली, आणि सत्तर कारखान्यांत आधीच बसवलेल्या प्रतींमध्ये त्याचाच कोड राहणार. नवे लिहून पुढचे सुटते, मागचे सुटत नाही. म्हणजे त्याचे म्हणणे आठ लाखांपेक्षा मोठे होते आणि ३५ लाखांपेक्षा बरेच लहान.

बैठक दांडिया बाजारात तिच्याच घरी झाली. तासभर आकडे जागचे हलेनात. तिचे वडील कोपऱ्यात बसून ऐकत होते, मधेच उठून आतून एक जुने रजिस्टर घेऊन आले.

"अरे, तुझ्या प्रोग्रॅममध्ये पहिले दोन महिने ॲल्युमिनियमलासुद्धा २३५च होतं. हे बघ, माझं रीडिंग, तुझं रीडिंग. मी एकेक शीट ताडून बघायचो, तेव्हा ते सापडलं."

पानावर दोन रकाने होते, एक निळ्या शाईत, एक लाल. मित्राला ते आठवत होते. तो हसला, म्हणाला, "त्या चुकीपायी तुम्ही मला रात्री अकराला फोन केला होता." हा क्षण फार भावुक करून सांगायची गरज नाही, कारण पुढेही दीड तास घासाघीस झाली. एवढे मात्र झाले की कोड एकट्याने लिहिला आणि तो बरोबर आहे हे दुसऱ्याने सिद्ध केले, हे टेबलावर दिसले. १४ लाखांवर सौदा मिटला. ते दोन्ही संस्थापकांनी आपापल्या हिश्श्याने भरले. तिचे नऊ, भागीदाराचे पाच. हस्तांतर कायमचे, जगभरासाठी, वापर झाला नाही तरी हक्क परत न जाणारे.

एवढ्याने वकील मानले नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न वाजवी होता: तो तेव्हा दुसरीकडे नोकरीला होता, त्याच्या नोकरीच्या करारात 'तू जे लिहिशील ते आमचे' असे कलम असेल तर? ते होतेच. त्या कंपनीकडे ना-हरकत पत्र मागितले. उत्तर यायला महिना लागला, आणि ते असे की नोकरी सोडून गेलेल्यांच्या खाजगी कामाबद्दल आम्ही पत्रे देत नाही. म्हणजे हरकतही घेतली नाही आणि ना-हरकतही दिली नाही. शेवटी तोडगा निघाला तो खास हमीचा. त्या कंपनीने कधी दावा केलाच तर तीन वर्षांपर्यंत, एक कोटीच्या मर्यादेत, दोन्ही संस्थापक भरून देतील.

काकांचे पाच लाख

कंपनीच्या पुस्तकात पहिल्या वर्षापासून पाच लाखांची एक नोंद होती, 'असुरक्षित कर्ज' या सदरात. देणारे तिचे सख्खे काका. निवृत्तीच्या पैशातून दिलेले. तेव्हा ते म्हणाले होते, "मला व्याज कशाला? माझं नाव आहे ना कंपनीत, तेवढं बस." नाव कुठेच नव्हते. शेअर दिलेले नव्हते आणि कर्जाचा कागदही नव्हता. आपल्या घरांत काकांसमोर कागद ठेवून सही मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, म्हणून कोणी विषय काढला नाही.

२०१३च्या कंपनी कायद्यात प्रायव्हेट कंपनीला संचालकाच्या नातेवाइकाकडून पैसे घेता येतात. ते स्वतःचे आहेत, उसने आणलेले नाहीत, एवढे त्याने लिहून द्यायचे. पण नातेवाईक कोण याची यादी कायद्यात दिलेली आहे: पती किंवा पत्नी, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सभासद. काका यादीत नाहीत. म्हणजे घरच्या माणसाचे पाच लाख कायद्याच्या नजरेत बाहेरच्याकडून घेतलेली ठेव, आणि ठेवीचे नियम मोडल्याचा दंड ठेवीच्या रकमेपेक्षा मोठा असू शकतो. पैसे व्याजासह परत करून हा प्रकार घेणाऱ्याला लेखी कळवला आणि त्याची जबाबदारी संस्थापकांनी आपल्याकडे घेतली. तिथपर्यंत सरळ होते.

घरातले तितके सरळ नव्हते. शेठना २० लाखांत १० टक्के मिळाले होते. काकांनी हिशोब केला की त्या भावाने पाच लाखांचे अडीच टक्के होतात, म्हणजे सात कोटींतले साडेसतरा लाख. शिवाय त्यांचे पैसे शेठच्या आधी आलेले. वडिलांनी मुलीला एवढेच विचारले, "पाच लाखांचे पाच लाख देऊन काकाला वाटेला लावणार का?"

तिलाही ते पटत नव्हते. स्वतःच्या वाट्यातून वर बारा लाख द्यायचे तिने ठरवले. इथे आयकर आडवा आला. काकाने पुतणीला भेट दिली तर ती करमुक्त, कारण आई-वडिलांचे भाऊ-बहीण घेणाऱ्याच्या नातेवाइकांत धरलेले आहेत. पुतणीने काकाला दिली तर मात्र ती पन्नास हजारांच्या वर गेली की सगळी करपात्र, कारण भावाची मुलगी घेणाऱ्याच्या यादीत येत नाही. नाते एकच, दिशा बदलली की कर. शेवटी तिने वडिलांना पैसे दिले आणि वडिलांनी आपल्या भावाला. दोन्ही भेटी करमुक्त. अशा वळशाबद्दल अधिकारी प्रश्न विचारू शकतो, म्हणून मी स्पष्ट सांगितले की वडिलांनी स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला द्यावे, अट घालून नको. ते त्यांनी दिवाळीत दिले.

बाकीच्या गोष्टी लवकर आटोपल्या. आलेख काढणाऱ्या एका मोफत घटकाचा परवाना असा होता की सगळा कोड उघडा करावा लागला असता. तो आठवड्यात बदलला. जुनी, सहा महिन्यांवरची येणी किमतीत धरणार नाही असे घेणाऱ्याने सांगितले, ते मान्य केले. धंदा तेवढा विकून कंपनी मागे ठेवावी, असे घेणाऱ्याचे वकील एकदा सुचवून बघत होते. तसे केले असते तर एकदा कंपनीला कर लागला असता आणि तेच पैसे भागधारकांनी लाभांश म्हणून काढताना पुन्हा. तो विषय एका बैठकीत संपला. शेअरच विकायचे ठरले. सात कोटींच्या त्या हस्तांतरावर मुद्रांक लागला ०.०१५ टक्के, म्हणजे साडेदहा हजार रुपये.

निवड

आता नऊ आणि सात. व्यवहार १९६१च्या आयकर कायद्याखालचा आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त जवळ असतील तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे, त्याआधी महागाई निर्देशांकाची सूट देऊन २० टक्के होता. जिची मूळ गुंतवणूक पन्नास-पंचावन्न हजार, तिला निर्देशांकाने काय मिळणार? म्हणून नवा दर तिच्या फायद्याचाच. त्यावर १५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरला की दर जवळजवळ १५ टक्के पडतो.

सात कोटींत तिचा वाटा ३ कोटी ८५ लाख, कर सुमारे साडेसत्तावन्न लाख, हातात ३ कोटी २७ लाख. एस्क्रोत अडकलेल्या पैशावरचा करही त्याच वर्षी भरायचा, असे आम्ही धरले.

नऊ कोटींत सह्यांच्या दिवशी तिला २ कोटी ७५ लाख, कर जाऊन २ कोटी ३४ लाख. लक्ष्य गाठले तर चार कोटींतले आणखी २ कोटी ५९ लाख. पण नोकरीत राहिले तरच मिळणारा पैसा पगार मानला जाऊ शकतो, आणि मग त्यावर ३६ टक्क्यांच्या आसपास कर. तसे झाले तर एकूण हातात चार कोटी. भांडवली नफाच मानला तर साडेचार कोटी. आणि लक्ष्य हुकले तर २ कोटी ३४ लाखांवर खेळ संपला. शिवाय असा अनिश्चित हप्ता कर भरायला कोणत्या वर्षात धरायचा यावर न्यायालये एकमताची नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सगळी रक्कम विक्रीच्याच वर्षात धरली, मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जो हप्ता मिळण्याचा हक्कच तयार झाला नाही त्यावर कर नाही असे म्हटले. बडोदे या दोन्हींच्या हद्दीबाहेर.

म्हणजे डाव असा: सगळे जमले तर पाऊण ते सव्वा कोटी जास्त, नाही जमले तर ९३ लाख कमी. आणि जमवायचे कोणी? विक्रीनंतर मालाचा भाव ती ठरवणार नव्हती, माणसे ती नेमणार नव्हती. कारखान्यांची मागणी वीज कंपन्यांच्या निविदांवर, आणि निविदा निघायच्या तेव्हा निघतात.

तिचा निर्णय मात्र या आकड्यांवर झाला नाही. नऊ कोटींच्या प्रस्तावात शेठचे १० टक्के पाच कोटींवर मोजले जात होते, म्हणजे ५० लाख. सात कोटींत ७० लाख. कर्मचाऱ्यांचे २५ विरुद्ध ३५ लाख. म्हणजे संस्थापकांनी जास्त मिळवायचे तर ते इतरांच्या वाट्यातून. तिने ते स्वच्छ मांडले: "शेठच्या बेंचवर आपण पहिली दोन वर्षं फुकट चाचण्या केल्या. त्यांना वीस लाखांनी कमी देऊन मी मकरपुऱ्यात कुठल्या तोंडाने जाऊ?" व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर सगळे शेअर विकायला शेठची सहीही लागणारच होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

भागीदाराला नऊच हवे होते. तो विकणारा माणूस, ३५ टक्के वाढ त्याला अवघड वाटत नव्हती. त्याची समजूत काढण्यापेक्षा घेणाऱ्याशीच बोलून वाट काढली. त्याला विक्रीप्रमुख नेमायचे आणि लक्ष्य गाठले तर वेगळा बोनस द्यायचा, दोन वर्षांत मिळून ४० लाख. ज्याला जोखीम हवी त्याने ती आपल्या पगारावर घ्यावी, भागधारकांच्या किमतीवर नको. मला हा या व्यवहारातला सगळ्यात चांगला तोडगा वाटतो.

स्पर्धा न करण्याच्या अटीवर एकदाच ठिणगी पडली. १८७२च्या करार कायद्याचे कलम २७ धंदा करण्यावर बंदी घालणारा करार रद्द ठरवते, पण धंद्याची पत (गुडविल) विकणाऱ्यावर अशी बंदी वाजवी मर्यादेत चालते. नोकराला जे बांधत नाही ते विकणाऱ्याला बांधते, हे तिला नवीन होते. पहिल्या मसुद्यात 'औद्योगिक सॉफ्टवेअर' असे होते. त्या दोन शब्दांत तिची पुढची सगळी कारकीर्द बसली असती. ते 'ट्रान्सफॉर्मर चाचणीचे सॉफ्टवेअर, तीन वर्षे' एवढ्यावर आणले. या अटीसाठी किमतीतले काही पैसे वेगळे दाखवू असेही घेणारा म्हणत होता. ते नाकारले, कारण वेगळी रक्कम लिहिली की ती धंद्याचे उत्पन्न मानली जाते आणि करही त्याच दराने लागतो.

नंतर

तिने भायलीच्या बाजूला १ कोटी ४० लाखांचा फ्लॅट घेतला. तिच्या नावावर आधी घर नव्हते, त्यामुळे आयकर कायद्याच्या कलम ५४एफ खाली घरात गुंतवलेल्या पैशाच्या प्रमाणात नफा करमुक्त झाला आणि कर सुमारे २१ लाखांनी उतरला. वर्षभर घेणाऱ्याकडे नोकरी करून ती बाहेर पडली. आता मोटर रिवाइंडिंगच्या कारखान्यांसाठी काही करते आहे, आणि ते अटीच्या बाहेर आहे.

पहिल्या वर्षी वाढ झाली २२ टक्के. नऊ कोटींचा पहिला हप्ता गेलाच असता. भागीदाराचा निम्मा बोनसही गेला. पुण्याने विक्रीची माणसे अहमदाबादच्या शाखेत हलवली नसती तर ३५ होतेच, असे तो म्हणतो, आणि सात कोटी घेतले ही चूक होती यावर ठाम आहे. त्याला मी खोडून काढू शकत नाही. माणसे हलवण्याचा अधिकार पुण्याकडे होता, एवढेच माझे म्हणणे.

एस्क्रोवर एकच दावा आला. परदेशी क्लाउड कंपनीच्या सुरुवातीच्या बिलांवर जीएसटी उलट पद्धतीने, म्हणजे सेवा देणाऱ्याने नव्हे तर ती घेणाऱ्या बडोद्याच्या कंपनीने भरायचा असतो. तो भरलेला नव्हता. कर, व्याज आणि दंड मिळून ६ लाख ८० हजार. करारात लिहिल्याप्रमाणे ही रक्कम सगळ्यांच्या हिश्श्यातून कापायची होती. शेठ म्हणाले, कारभार मी करत नव्हतो, बिले मी पाहिली नाहीत. कर्मचारी काही बोलले नाहीत, पण त्यांच्याकडूनही कापणे तिला बरे वाटेना. तिने ४ लाख ४० हजार सोसले, भागीदाराने कुरकुरत २ लाख ४० हजार. शेठना एस्क्रोतले सात लाख पुरते मिळाले, चौघा कर्मचाऱ्यांना मिळून साडेतीन. मित्राच्या जुन्या कंपनीकडून अजून काही आलेले नाही. एक कोटीची ती हमी २०२७च्या अखेरपर्यंत उभी आहे.